लेथ कोणाच्या हाती? माझगाव ते पवई : घरगुती कार्यशाळेचा इतिहास

१/
रविवारची दुपार. पवईतील एखाद्या इमारतीत बाल्कनीचे दार लोटलेले असते आणि आतून बारीक घरघर ऐकू येते. बाकावर एक छोटे यंत्र चालू आहे. त्यात पकडलेली पितळेची कांडी वेगाने फिरते, पोलादी टूल तिला टेकते आणि सोनेरी कीस उडू लागतो. हे यंत्र म्हणजे लेथ. आज ते छंदासाठी घरी ठेवता येते. मुंबईत येथवर पोहोचायला जवळजवळ दोनशे वर्षे लागली. त्या प्रवासाचा हा धागा.

२/
प्रथम यंत्राची ओळख. ड्रिलमध्ये हत्यार फिरते व वस्तू स्थिर असते. लेथमध्ये उलट. कुंभाराच्या चाकाप्रमाणे येथे घडवायची वस्तूच फिरते आणि हत्यार तिच्या अंगावरून सरकते. म्हणून जे जे गोल, ते ते लेथचे : शाफ्ट, बुश, पुली, दट्ट्या, बोल्टचे आटे. लेथचे स्वतःचे कितीतरी भागही लेथवरच तयार होतात. त्यामुळेच या यंत्राला यंत्रांची जननी म्हणतात.

३/
तत्त्व आपल्याकडे नवे नव्हते. लाकूड फिरवून त्याला आकार देणारा कारागीर म्हणजे कातारी. पाळण्याचे खूर, लाटणी, भोवरे, लाखेच्या रंगांची खेळणी ही त्याची कामे. एकाने दोरी ओढून लाकूड फिरवायचे, दुसऱ्याने हातात हत्यार धरायचे. लाकडासाठी एवढे पुरते. लोखंडाचे तसे नाही. लोखंड हत्याराला मागे ढकलते, मनगट थरथरते आणि माप चुकते.

४/
हा प्रश्न सोडवणाऱ्यांत लंडनचा हेन्री मॉडस्ले अग्रगण्य होता. इ. स. १८०० च्या सुमारास त्याने आटे पाडण्याचा जो लेथ बांधला, त्यात हत्यार माणसाच्या हातात नव्हते. ते एका सरकत्या आधारात घट्ट बसवलेले होते आणि लांब आट्यांचा दांडा, म्हणजे लीडस्क्रू, त्या आधाराला ठरावीक गतीने पुढे नेत असे. एकच आटा पुन्हा पुन्हा, तंतोतंत, पाडता येऊ लागला. अचूकता मनगटातून यंत्रात उतरली.

५/
गंमत अशी की कारखान्यात स्थिरावण्याआधीच लेथ राजवाड्यात पोहोचला होता. रशियाचा सम्राट पीटर द ग्रेट स्वतः लेथवर बसत असे. त्याचा यंत्रकार आंद्रेई नार्तोव याने त्याच्यासाठी बांधलेले लेथ आजही सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत. लंडनची होल्त्झाप्फेल पेढी अठराव्या शतकाच्या अखेरीपासून हौशी श्रीमंतांना नक्षीकामाचे लेथ विकत होती. घरातला लेथ हा प्रारंभी सम्राटांचा आणि उमरावांचा छंद होता.

६/
मुंबईत घरगुती कार्यशाळेची पहिली ठळक कथा माझगावची आहे. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या वंशाने मुंबईच्या गोदीत पिढ्यान्‌पिढ्या जहाजे बांधली. याच घराण्यात ६ ऑक्टोबर १८०८ रोजी अर्देशीर करसेटजी वाडिया यांचा जन्म झाला. चौदाव्या वर्षी ते गोदीत दाखल झाले. घराण्याचे कौशल्य सागवानी लाकडाचे होते. अर्देशीर यांचे मन मात्र वाफेच्या इंजिनावर जडले.

७/
त्यांनी घरी लहानशी ओतशाळा उभारली आणि एका अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन घडवले. १८३३ साली ‘इंडस’ ही साठ टनांची छोटी आगबोट पाण्यात सोडली. पुढच्याच वर्षी माझगावातील आपला बंगला व बाग गॅसच्या दिव्यांनी उजळून दाखवली. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले ते १८६५ साली. एका माणसाचा घरचा प्रयोग शहरापेक्षा एकतीस वर्षे पुढे होता.

८/
वाफेच्या इंजिनात दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यात फट राहिली की वाफ निसटते आणि शक्ती वाया जाते. जेम्स वॉटचे इंजिनही खऱ्या अर्थाने यशस्वी झाले ते जॉन विल्किन्सनने सिलिंडर अचूक कोरण्याचे यंत्र तयार केल्यानंतर. नुसत्या ओतकामाने इंजिन होत नाही. ओतलेला भाग कातावा लागतो, कोरावा लागतो, घासून बसवावा लागतो. अर्देशीर यांच्या छंदाचे खरे मोल या कष्टाळू भागात आहे.

९/
१८३९ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि तेथील यंत्रशाळा त्यांनी जवळून पाहिल्या. २७ मे १८४१ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. दुसरे भारतीय श्रीनिवास रामानुजन, आणि तेही १९१८ साली. १८४१ मध्येच अर्देशीर मुंबईच्या सरकारी स्टीम फॅक्टरीचे मुख्य अभियंता झाले. त्यांच्या हाताखाली युरोपीय माणसे काम करत होती. त्या काळात ही गोष्ट अनेकांना पचणारी नव्हती.

१०/
रॉयल सोसायटीकडे गेलेल्या शिफारशीत एक महत्त्वाचा उल्लेख आहे : गॅसचा प्रयोग त्यांनी केवळ देशी कारागिरांच्या मदतीने सिद्धीस नेला. हे कारागीर कोण होते? कोणत्या वाडीत राहत होते? त्यांची नावे त्या शिफारशीत नाहीत. अर्देशीर यांच्या स्मरणार्थ १९६९ साली टपाल तिकीट निघाले. कात मारणारे आणि कानस चालवणारे हात मात्र अनामिक राहिले. ही उणीव पुढेही वारंवार भेटणार आहे.

११/
अर्देशीर यांच्याकडे गोदी होती, घराण्याचा पैसा होता. ज्याच्याकडे यांपैकी काहीच नाही, त्याने लेथपर्यंत कसे पोहोचावे? याचे उत्तर अर्ध्या शतकानंतर भायखळ्यात सापडते. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे २० जून १८६९ रोजी जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार होण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आले होते. तेथे उघड झाले की त्यांना काही रंगांतील फरक ओळखता येत नाही. रंगचित्रकला संपली. यांत्रिक रेखाटन उरले.

१२/
त्याच रेखाटनाच्या बळावर भायखळ्याच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते साहाय्यक शिक्षक झाले. काम फळ्यावर आकृत्या काढून घेण्याचे. परंतु मोकळ्या वेळात ते संस्थेच्या कार्यशाळेत जाऊन यंत्रे चालवायला शिकले. कागदावर जो शाफ्ट दोन रेघांत काढला जातो, तो लोखंडात उतरवताना काय घडते, हे त्यांनी स्वतःच्या हातांनी पाहिले. नोकरीने हे मागितले नव्हते. ही त्यांची हौस होती.

१३/
या हौसेचे सामाजिक वजन आज सहज लक्षात येत नाही. शिकलेल्या, त्यातही ब्राह्मण घरातल्या तरुणाने कचेरीत लेखणी धरावी अशी अपेक्षा होती. तेलाने काळे झालेले हात हे लोहाराचे, मिस्त्रीचे. लेथ शिकायला फी लागत नव्हती, पण ही भिंत ओलांडावी लागत होती. दुसरी भिंत राज्यकर्त्यांनी उभारलेली होती. बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन शिक्षकाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली.

१४/
बेळगावात भाऊ रामूअण्णा यांच्यासह सायकलींचे दुकान, मग छोटी कार्यशाळा, मग कडबा कापण्याची यंत्रे, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने नांगर खपायला दोन वर्षे वाट पाहावी लागली. पुढे बेळगावातली जागाही सोडावी लागली. औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जमीन आणि दहा हजार रुपये दिले. १० मार्च १९१० रोजी कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला.

१५/
कोल्हापुरातही याच जातीची जिद्द दिसते. चुलतभाऊ आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नाटकांचे पडदे रंगवणारे कलावंत. चित्रपट काढायचा तर कॅमेरा हवा, आणि विदेशी कॅमेरा विकत घेणे आवाक्याबाहेरचे. म्हणून त्यांनी तो स्वतःच बनवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. विष्णुपंत दामले यांच्या साथीने बाबूरावांनी काम तडीस नेले. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला.

१६/
चित्रपटाच्या कॅमेऱ्यात फिल्म एकेक चौकट पुढे सरकते, क्षणभर थांबते, पुन्हा सरकते. दातेरी चाक किंचितही वाकडे फिरले तर पडद्यावर चित्र हलते. अशा भागांसाठी सूक्ष्म कातकाम लागतेच. रंगाचा कुंचला धरणाऱ्यांनी त्या वाटेला जावे, ही लक्ष्मणरावांच्या कथेचीच दुसरी आवृत्ती. दोघांनाही यंत्र विकत मिळाले नाही, म्हणून यंत्र कसे घडते हे शिकावे लागले.

१७/
याच काळात ब्रिटनमध्ये छंदाचा लेथ उमरावांच्या दिवाणखान्यातून कारकुनाच्या परसात उतरला. १८९८ मध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक सुरू केले. त्यात वाफेची छोटी इंजिने घरी कशी घडवावीत हे आकृत्यांसह सांगितलेले असे. ड्रमंड बंधूंनी हौशी माणसाला परवडेल असा लेथ आणला. १९४६ मध्ये आलेला मायफर्डचा ‘एमएल ७’ तर घरगुती कार्यशाळेची ओळखच ठरला.

१८/
भारतात असे का घडले नाही? हौस नव्हती म्हणून नव्हे. लेथ बहुतांशी आयात होत, आणि ते कारखान्यांसाठी येत. दुसऱ्या महायुद्धात आयात आटली तेव्हा ही परावलंबिता उघडी पडली. १९४१ मध्ये हरिहर येथे ‘म्हैसूर किर्लोस्कर’ स्थापन झाली आणि तेथे लेथ तयार होऊ लागले. भायखळ्याच्या कार्यशाळेत हौसेने यंत्र शिकलेल्या शिक्षकाच्या घराण्याचे नाव आता लेथच्या बिडावर ओतलेले दिसू लागले. ‘टर्नमास्टर’, ‘एंटरप्राइज’ ही नावे जुन्या टर्नरना आजही पाठ आहेत.

१९/
त्याच युद्धाने पवईचे भवितव्य घडवले. हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो या दोन डॅनिश अभियंत्यांनी १९३८ मध्ये मुंबईत भागीदारी सुरू केली होती. धंदा डेन्मार्कहून दुग्धव्यवसायाची यंत्रे आणून विकण्याचा. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क व्यापले आणि माल थांबला. मग विकणाऱ्यांनी लहानशी कार्यशाळा काढून स्वतःच यंत्रे बनवायला घेतली आणि जहाजांची दुरुस्तीही सुरू केली.

२०/
१९४८ मध्ये लार्सन अँड टुब्रोने पवईत जमीन घेतली. १८९१ च्या सुमारास बांधलेल्या पवई तलावाच्या परिसरात तेव्हा दलदल आणि झाडी होती. तेथे कारखाना उभा राहिला. दहा वर्षांनी दुसरा शेजारी आला. १९५८ च्या जुलैत आयआयटी मुंबईचे पहिले शंभर विद्यार्थी वरळीच्या सस्मिरा इमारतीत शिकू लागले आणि १० मार्च १९५९ रोजी पंडित नेहरूंनी पवईत संस्थेची कोनशिला बसवली. किर्लोस्करवाडीच्या आरंभाचीही तारीख हीच, १० मार्च.

२१/
संस्थेला युनेस्कोमार्फत सोव्हिएत संघाची मदत मिळाली. यंत्रसामग्री आली, तज्ज्ञ आले. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने कार्यशाळेत उभे राहून कानस, भट्टी आणि लेथ हाताळलाच पाहिजे, हा तेव्हाच्या अभ्यासक्रमाचा भाग होता. सत्तर वर्षांपूर्वी लक्ष्मणरावांना जे मोकळ्या वेळात, जवळजवळ चोरून घेतल्यासारखे शिकावे लागले, ते आता वेळापत्रकात छापलेले होते.

२२/
तरी एक भिंत शिल्लक राहिली. अभियंत्यासाठी लेथ हा एका सत्राचा विषय होता, टर्नरसाठी ती आयुष्यभराची भाकरी होती. १९५० मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून आयटीआयमध्ये टर्नर, फिटर, मशिनिस्ट घडू लागले. पवईहून निघणाऱ्या साकी विहार रस्त्याने साकीनाक्याकडे गेले की लहान गाळ्यांत त्यांचे जग दिसते : एक लेथ, एक ड्रिल, एक ग्राइंडर आणि दारावर ‘जॉबवर्क’ची पाटी.

२३/
घरातल्या हौशी माणसाचा खरा गुरू बहुधा याच गाळ्यात सापडतो. चाळीसेक किलो वजनाचा, घरच्या विजेवर चालणारा छोटा लेथ आज विकत मिळतो. नागदेवी स्ट्रीटवर चक, टूल बिट, मायक्रोमीटर मिळतात. माझगावच्या शेजारी दारूखान्यात जुन्या जहाजांचे व यंत्रांचे पितळ आणि पोलाद मिळते. टूलला धार कशी लावावी हे मात्र कोणी तरी उभे राहून दाखवावे लागते.

२४/
घरचा लेथ शिकवतो ते धडे लहान असतात, पण पक्के असतात. पहिला धडा उंचीचा. टूलचे टोक फिरणाऱ्या वस्तूच्या बरोबर मध्याच्या उंचीला हवे. ते जरा खाली असेल तर सपाट केलेल्या तोंडावर मधोमध बारीक बोंड शिल्लक राहते. दुसरा धडा मापाचा. टूल ०.१ मिलीमीटर आत सरकवले तर व्यास ०.२ मिलीमीटरने घटतो, कारण वस्तू गोल फिरत दोन्ही बाजूंनी कातली जाते. हे विसरून पहिली कांडी वाया घालवली नाही असा नवशिका विरळा.

२५/
तिसरा धडा वेगाचा. साध्या पोलादासाठी हायस्पीड स्टीलच्या टूलखालून मिनिटाला सुमारे तीस मीटर पृष्ठभाग जावा असा संकेत आहे. कांडीचा व्यास २५ मिलीमीटर असेल तर मिनिटाला साधारण ३८० फेरे येतात. व्यास निम्मा झाला की फेरे दुप्पट हवेत. पितळ याहून जलद कातता येते. आकडा चुकला की टूल जळते किंवा पृष्ठभाग खरबरीत होतो. यंत्र चूक लपवत नाही.

२६/
चौथा धडा आट्यांचा, आणि येथे मॉडस्ले पुन्हा भेटतो. लीडस्क्रूच्या आट्यांतील अंतर ३ मिलीमीटर असेल आणि १.५ मिलीमीटरचे आटे पाडायचे असतील, तर लीडस्क्रूच्या एका फेऱ्यात वस्तूचे दोन फेरे व्हावेत अशी दातेरी चाके बसवावी लागतात. १८०० सालच्या लंडनमधली ही युक्ती पवईच्या बाल्कनीत जशीच्या तशी चालते. दोनशे वर्षांत मोटर बदलली, पोलाद बदलले, तत्त्व बदलले नाही.

२७/
आणि एक धडा जो गाळ्यातला मिस्त्री सर्वांत आधी देतो : चकची चावी चकमध्ये ठेवून हात काढू नये. यंत्र सुरू होताच ती गोळीसारखी उडते. हातमोजे, सैल बाह्या, ओढणी, अंगठी, मोकळे केस लेथजवळ चालत नाहीत, कारण फिरणारा चक धरलेले सोडत नाही. डोळ्यांवर चष्मा हवा. कीस ब्रशने काढावा, बोटांनी नव्हे. छोटा लेथ खेळणे वाटतो, म्हणूनच तो अधिक दगा देतो.

२८/
अर्देशीर यांच्यासाठी लेथचे दार गोदीने उघडले, लक्ष्मणरावांसाठी शाळेच्या कार्यशाळेने, पवईच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी संस्थेने, आणि आजच्या हौशी माणसासाठी बाजाराने. प्रत्येक वेळी दार थोडे रुंद झाले. प्रत्येक वेळी आत आधीपासून कोणी तरी कारागीर काम करत उभा होता, आणि शिकणारा त्याच्याकडूनच शिकला. त्या कारागिराचे नाव मात्र क्वचितच लिहिले गेले.

२९/
मुंबईच्या गिरण्या, गोद्या, परळ-माटुंग्याचे रेल्वे कारखाने आणि पवई-साकीनाक्याचे गाळे यांत हजारो टर्नर राबले. त्यांपैकी कोणी वाचकांच्या घरात आजोबा, काका, मामा म्हणून असतील. त्यांनी कोणत्या कंपनीचा लेथ चालवला, काम कोणाकडून शिकले, पहिला जॉब कोणता केला, हे त्यांना विचारावे आणि नाव व सालासह लिहून ठेवावे. माझगावच्या कारागिरांबद्दल हे कोणी लिहून ठेवले नाही.